रेलीनच्या बॉनेटवरचा खड्डा

खड्डा बशीएवढा होता की सूपच्या वाडग्याएवढा, याबद्दल आमच्या कराविला गावात अजून दोन तट आहेत. मी बशीवाल्यांच्या बाजूचा. खड्डा पडला तेव्हा मी गाडीतच स्टिअरिंगमागे बसलो होतो, त्यामुळे माझ्या मताला थोडं वजन असायला हरकत नव्हती. पण त्या शनिवारी ग्राउंडवर दोनशे चाळीस माणसं होती आणि सगळ्यांनीच ते डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे मला कोणी वेगळं विचारत नाही.

खरी भानगड अशी की गाडी माझी नव्हती. माझ्या बायकोची, रेलीनची. शाळेच्या कँटीनमध्ये सव्वीस वर्षं सँडविच लावून निवृत्त झाल्यावर तिने स्वतःच्या पैशांनी घेतलेली, जन्मातली पहिली कोरी गाडी. फिकट निळी. दुकानात गेली की ही बाई गाडी इतक्या लांब लावायची की सामान घेऊन चालत येईपर्यंत लोणी मऊ व्हायचं. ॲडलेडला बहिणीकडे आठवडाभर जायचं ठरलं तेव्हाही शहराच्या गर्दीत गाडी घालायची नाही म्हणून ती बसने गेली. जाताना किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"दुकानात ने, दवाखान्यात ने. चर्चला गेलास तर मला चक्कर येईल, पण तिथेही ने. ग्राउंडवर मात्र नेऊ नकोस, मर्व्ह."

"छे," मी म्हणालो.

"वचन दे."

मी दिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिने मागून घेतलेलं हे एकच वचन. बाकीची मी न मागता दिली आणि न सांगता मोडली.

आता ग्राउंडचं सांगायला हवं. आमच्याकडे फुटबॉलची मॅच गाडीत बसून बघतात; हा ऑस्ट्रेलियन फुटबॉल, गोलला जाळी नसते, नुसते उंच खांब. मैदानाभोवती कमरेएवढं कुंपण आहे आणि कुंपणाला नाक लावून गाड्या गोलाकार उभ्या राहतात. आत हीटर, मांडीवर ब्लँकेट, थर्मासमध्ये चहा. गोल झाला की टाळ्या कोणी वाजवत नाही, सगळे मिळून हॉर्न वाजवतात. प्रत्येक घराची जागा ठरलेली असते. ती कुठे लिहिलेली नसते, पण मेल्यावर पुरायच्या जागेपेक्षा पक्की असते. आमची जागा उत्तरेकडच्या गोलच्या बरोब्बर मागे, माझ्या वडिलांपासून चालत आलेली. नियम एकच, की जागा एक शनिवार रिकामी राहिली तर ती गेली. काही वर्षांपूर्वी आमच्यातलं एक कुटुंब भाचीच्या लग्नाला गेलं होतं. तेव्हापासून ते लोक संडासाच्या भिंतीशेजारून मॅच बघतात.

आणि नेमक्या त्या शुक्रवारी माझ्या जुन्या युटचा क्लच गेला. या युटने मागच्या उघड्या हौद्यात चौतीस वर्षं मेंढ्या, लाकडं आणि एकदा तर पियानोही वाहिला होता, पण तिला दगा द्यायला हाच मुहूर्त सापडला. सुटे भाग मंगळवारपर्यंत येणार नव्हते. शनिवारी दुपारी एक वाजता मी गॅरेजमध्ये रेलीनच्या गाडीकडे बघत उभा होतो. एका बाजूला बायकोला दिलेलं वचन, दुसऱ्या बाजूला वडिलांची जागा आणि संडासाची भिंत. दोन वाजता मी गोलमागे उभा होतो.

आमचा फुलफॉरवर्ड, म्हणजे गोलसमोर उभा राहून गोल मारणारा, गावचा पाववाला डूली. वय अडतीस, गुडघे साठीचे. सगळ्या मोसमात त्याने गोलच्या खांबांमधून एकही बॉल नीट मारला नव्हता, म्हणूनच मी निर्धास्त होतो. तिसऱ्या क्वार्टरला त्याच्या पायाला काय झालं कोण जाणे. बॉल सणसणत दोन खांबांच्या मधून आला, कुंपणावरून आला आणि रेलीनच्या बॉनेटवर आदळला. डब्याचं झाकण बसवल्यासारखा आवाज झाला. सगळ्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. सांगायला लाज वाटते, पण सवयीने मीही वाजवला.

बघता बघता गाडीभोवती माणसं जमली. सगळ्यात पुढे क्लॅरी, माझा शेजारी. याने पन्नास वर्षं मेंढ्यांची लोकर कातरली आहे आणि त्या जोरावर याला जगातली प्रत्येक गोष्ट दुरुस्त करता येते. त्याने खड्ड्यावरून अंगठा फिरवला.

"हे काहीच नाही. घरच्या घरी निघतं. कारागिराकडे नेलीस तर तुझ्यासारखा येडा तूच."

कारागीर तसाही एकशेसाठ किलोमीटरवर होता आणि त्याच्याकडे तीन आठवड्यांची रांग होती. रेलीन गुरुवारी परत यायची होती.

एवढ्यात काठी टेकत ओट्सबाई आल्या. त्या आमच्या दुसऱ्या बाजूला राहतात, वय चौऱ्याऐंशी, आणि आमच्या घरात काय शिजतंय हे त्यांना आमच्या आधी कळतं. त्यांनी खड्डा बघितला, मग मला बघितलं.

"रेलीनला फोन कर."

"करतो ना. आधी एवढं काढून घेतो, मग सांगतो."

"आत्ता कर. सांगून टाक."

म्हाताऱ्या माणसांना प्रत्येक गोष्टीची घाई असते. मी मान डोलावली आणि चहा ओतून घेतला.

संध्याकाळी रेलीनचाच फोन आला. बहिणीच्या नातवंडांचं बोलून झालं, शहरातल्या भाज्यांना चव नाही हे झालं. मग म्हणाली, "गाडी कशी आहे?"

"गॅरेजमध्ये आहे," मी म्हणालो. हे शंभर टक्के खरं होतं. तिने आणखी थोडा वेळ फोन धरून ठेवला आणि मग शुभ रात्री म्हणाली.

रविवारी सकाळी क्लॅरी किटली घेऊन हजर. आम्ही गाडी गॅरेजबाहेर अंगणात काढली. उकळतं पाणी ओतायचं की पत्रा सैल पडतो आणि खड्डा आपोआप टप्पकन वर येतो, असं त्याचं शास्त्र. त्याच्या जावयाच्या गाडीवर त्याने करून बघितलं होतं म्हणे. आम्ही तीन किटल्या ओतल्या. वाफ भरपूर निघाली. चौथ्या किटलीला मी सहज विचारलं की जावयाच्या गाडीला खड्डा नेमका कुठे होता.

"मागच्या बंपरला."

"तो प्लॅस्टिकचा असतो, क्लॅरी."

"असेल," क्लॅरी म्हणाला. "तू आधी विचारलं नाहीस."

मग प्लंजर. तुंबलेल्या मोरीवर दाबून ओढायचा तो, लाकडी दांड्याचा. आमच्या घरातलाच घेतला. त्याने आजवर काय काय बघितलंय ते मी इथे सांगत नाही. मी तो खड्ड्यावर ठेवून सगळा भार टाकून दाबला. तो असा काही चिकटला की मी ओढला, क्लॅरीने ओढला, मग क्लॅरीने माझ्या कमरेला धरून ओढलं आणि आम्ही दोघं गुलाबाच्या ताटव्यात बसलो. प्लंजर हलला नाही. गॅरेजचं दार रस्त्याकडे उघडतं आणि त्या रस्त्याच्या टोकाला चर्च आहे. साडेअकराला प्रार्थना सुटली. अर्धं गाव आमच्या दारावरून घरी जातं, आणि त्या दिवशी सगळ्यांनाच तोच रस्ता जवळचा वाटला. निळी कोरी गाडी, तिच्या नाकावर ताठ उभा प्लंजर आणि शेजारी पँटला माती लागलेला मी. पालिकेच्या कचेरीत एकतीस वर्षं कोटाची बटणं लावून बसलेल्या माणसाला असं रस्त्यावर मांडून ठेवलं जाईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

ओट्सबाई फाटकापाशी थांबल्या. "गाडी तुंबली का रे, मर्व्ह?"

"नाही."

"सांगितलंस तिला?"

"सांगणार आहे."

दुपारी चारला मी चहा पीत असताना प्लंजर आपण होऊन सुटला आणि खाली पडला. खड्डा होता तिथेच होता, फक्त त्याच्याभोवती आता काळं कडं होतं. रात्री फोनवर रेलीनने विचारलं, "गाडी कशी आहे?"

"धुतली आज. गरम पाण्याने."

"अरे वा," ती म्हणाली.

सोमवारी मी ठरवलं की अडाण्यांच्या नादी लागायचं नाही, सगळं रीतसर करायचं. रीत मला कळते, तीच तर माझी नोकरी होती. पहिला फोन विमा कंपनीला. चाळीस मिनिटं वाजंत्री ऐकल्यावर एक गोड आवाजाची बाई आली.

"गाडी चालू होती की थांबलेली?"

"थांबलेली. हीटर चालू होता."

"म्हणजे इंजिन चालू. समोरचं वाहन कोणतं?"

"वाहन नाही हो. फुटबॉल."

"फुटबॉल कोणाच्या ताब्यात होता?"

"त्या क्षणी कोणाच्याच नाही. गोल झाला होता."

बराच वेळ टाइप केल्याचा आवाज येत राहिला. "पॉलिसी रेलीन हेंड्री यांच्या नावावर आहे. त्यांची परवानगी लागेल. त्यांना आत्ता लाइनवर घेऊ का?"

मी फोन ठेवला.

मग क्लबकडे गेलो. तिथली सचिव ग्लेनिस. ती माझी सख्खी आतेबहीण, लहानपणी आम्ही एका टबात आंघोळ केली आहे, पण क्लबच्या टेबलामागे बसली की ती मला ओळखत नाही.

"मिस्टर हेंड्री, नुकसानीचा अर्ज तीन प्रतींत भरावा लागेल. गाडीच्या मालकाची सही इथे."

"मालक ॲडलेडला आहे."

"मग मालक आल्यावर या. तसं यातून काही निघणार नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगते. फाटकावरचा बोर्ड वाचलाय ना? 'गाड्या आपापल्या जबाबदारीवर उभ्या कराव्यात. क्लब उत्तरदायी नाही.'"

"वाचलाय."

"कोणी लावला तो?"

"मी," मी म्हणालो. पूर्वी क्लबचा सचिव असताना मीच तो ठराव मांडला होता आणि बोर्डही दोन रविवार खपून मीच रंगवला होता.

"अक्षर फार सुरेख आहे तुमचं," ग्लेनिस म्हणाली आणि अर्ज परत खणात ठेवला.

घरी आलो तर डूलीने दारात सहा बन ठेवलेले. त्या आठवड्यात तो रोज ठेवून जायचा आणि मला बघितलं की रस्ता ओलांडायचा. बिचाऱ्याने मोसमातला एकमेव गोल केला होता आणि त्याला त्याचा आनंदही करता येत नव्हता. मी त्याला हाक मारून म्हणालो, की अरे, गोल सुंदर होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी क्लॅरीचा नवा शोध. आधी पत्रा केस वाळवायच्या यंत्राने तापवायचा, मग एकदम गार करायचा. "पत्रा दचकतो आणि जागेवर येतो," क्लॅरी म्हणाला. रेलीनचं यंत्र घेतलं, अंगणापर्यंत लांब वायर ओढली, दहा मिनिटं तापवलं आणि वर फ्रीजमधली गोठलेल्या मटारची दोन किलोची पिशवी ठेवली. पत्रा दचकला नाही. आम्ही दोघं त्याची वाट बघत आत सूप घेत बसलो, तेवढ्यात बाहेर टकटक ऐकू आली. पिशवी फुटली होती आणि रेलीनच्या बॉनेटवर अकरा काकाकुवे मटार टिपत होते. मी झाडू घेऊन धावलो तेव्हा त्यातले दहा उडाले. अकरावा माझ्याकडे बघत शेवटचा दाणा संपवून मग गेला. खड्ड्याभोवतीच्या काळ्या कड्याभोवती आता नखांचे बारीक ओरखडे होते.

ओट्सबाई कुंपणापलीकडून सगळं बघत होत्या. "सांगून टाक रे बाबा," त्या म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज जरा काकुळतीचा होता. मला त्याचा राग आला. माणूस एवढा राबतोय आणि यांचं आपलं एकच पालुपद.

रात्री रेलीन: "गाडी कशी आहे?"

"मस्त. पक्ष्यांनासुद्धा आवडली."

मंगळवारी मी निकराला आलो. पत्रा बाहेरून ऐकत नाही तर आतून ढकलायचा. बॉनेट उघडलं. खाली आडव्यातिडव्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या मधल्या फटीतून खड्ड्याची पाठ दिसत होती. क्लॅरीने त्याचा लॉन बोल्सचा चेंडू आणला. हिरवळीवर घरंगळवायचा तो काळा जड गोळा, याच्यावर त्याने दोनदा जिल्ह्याचं बक्षीस मिळवलंय. तो लोकरीच्या मोज्यात घातला आणि मी मोजा धरून खालून टोले द्यायला लागलो. एक, दोन, आणि तिसऱ्याला आवाज आला, टप्प. खड्डा गेला.

मी क्लॅरीला मिठी मारली. अर्धा मिनिट माझ्याइतका सुखी माणूस दक्षिण गोलार्धात नव्हता. मग बॉनेट खाली केलं. खड्डा गेला होता हे खरंच, पण त्याच्या जागी आता टेंगूळ आलं होतं. बशी उलटी होऊन बसली होती.

"आता एवढं वरून हलकं ठोकायचं," क्लॅरी म्हणाला.

आम्ही हलकं ठोकलं. अंधार पडेपर्यंत हलकंच ठोकत होतो. सगळं आटोपलं तेव्हा एक मोठं टेंगूळ, शेजारी एक लहान टेंगूळ आणि तीन नवे खड्डे एवढी जमा होती. क्लॅरीने चेंडू मोज्यातून काढून पुसला, जेवणाची वेळ झाली म्हणाला आणि गेला. चार दिवसांत पहिल्यांदाच त्याच्याकडे सल्ला नव्हता.

मी स्वयंपाकघरात एकटा बसलो. डूलीचे बन होते, पण खावेसे वाटेनात. गाडीचं मला फार वाईट वाटत होतं, पण खरं सांगायचं तर मला रेलीनची आठवण येत होती. असं काही बिघडलं की चाळीस वर्षं मी ते ज्या माणसापुढे नेऊन ठेवत आलो, नेमकं त्याच माणसापासून हे लपवून बसलो होतो. फोन वाजला.

"गाडी कशी आहे?" तिने विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणालो, आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "लवकर ये गं. घर खायला उठतं."

"गुरुवारी कशाला मग," ती म्हणाली, "उद्याच येते."

गाडी सरळ करायला हातात होता तो एक दिवसही गेला.

बुधवारी चार वाजता हॉटेलसमोर बस थांबते. मी गाडी नाक पार झुडपात घालून लावली होती. ठरवलं होतं, की बस थांबली की पहिलं वाक्य खड्ड्याचंच बोलायचं. रेलीन उतरली, बॅग माझ्या हातात दिली आणि वर एक खोकं ठेवलं.

"तुझ्यासाठी आणलंय. उघड."

मी उघडलं. आत रबरी वाटीचं एक हत्यार होतं. खोक्यावर गाडीच्या दाराचं चित्र होतं, एका बाजूला खड्ड्यासकट, दुसऱ्या बाजूला खड्ड्याशिवाय.

"दुकानदार म्हणाला, आधी हे वापरा," रेलीन म्हणाली. "उकळतं पाणी, मटार, असले उद्योग करू नका म्हणाला."

"कधी कळलं तुला?"

"शनिवारी. बॉल मैदानात परत जायच्या आधी. पहिला ग्लेनिसचा फोन आला, मग क्लॅरीच्या बायकोचा. डूली तर रडत होता. एकूण नऊ फोन आले."

"आणि ओट्सबाई?"

"त्यांना मीच रोज पाठवत होते तुझ्याकडे."

तिने गाडी झुडपातून मागे घेतली, खाली उतरली आणि बॉनेटवरून सावकाश हात फिरवला. टेंगूळ, दुसरं टेंगूळ, ओरखडे, काळं कडं. मी बॅग धरून उभा होतो. हॉटेलच्या व्हरांड्यात बसलेले सगळे आपापल्या ग्लासात बघत होते.

"खड्ड्याचं मला शनिवारच्या रात्रीपुरतंच वाईट वाटलं," ती म्हणाली. "रविवारी उठले तर हलकं वाटत होतं. आठ महिने मी या गाडीची मोलकरीण झाले होते, मर्व्ह. पहिला ओरखडा कधी पडतो याचीच धास्ती. एकदाचा पडला." मग ती माझ्याकडे वळली आणि तिचा आवाज बदलला. "पण रोज रात्री मी फोन करायचे, वाटायचं, आज सांगेल. आणि तू सांगायचास, गाडी मस्त आहे. ते मला लागलं."

मला लाज वाटली. विमावाल्या बाईपुढे, क्लबात, प्लंजरच्या वेळी वाटली ती नुसती फजिती होती. ही लाज वेगळी होती. मी म्हणालो, "माझं चुकलं, रेलीन."

"बस गाडीत."

ती चालवायला बसली, मी शेजारी. गाव मागे पडलं. आमचं घर दुसऱ्या बाजूला आहे हे मी तिला सांगितलं नाही. गव्हाच्या शेतांमधून सरळ रस्ता लागला तेव्हा म्हणाली, "शनिवार. मर्व्ह, गाडी कशी आहे?"

मला आधी कळेना. मग कळलं, ती रोज रात्रीचा फोन परत लावत होती.

"मी ती ग्राउंडवर नेली," मी म्हणालो. "वचन मोडलं. बॉनेटवर बॉल पडला."

"रविवार. गाडी कशी आहे?"

"चार किटल्या उकळतं पाणी ओतलं. मग प्लंजर चिकटला, तो चार वाजेपर्यंत निघाला नाही. सगळ्या चर्चने बघितला."

तिचा ओठ हलला, पण तिने तो आवरला. "सोमवार."

"तुझं केसांचं यंत्र, मटार आणि अकरा काकाकुवे."

"अकरा? ओट्सबाई आठ म्हणाल्या."

"अकरा होते. मी मोजले."

आता मात्र ती हसली. इतकी हसली की तिने गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि डोळे पुसले. मीही हसायला लागलो. शेतातल्या मेंढ्यांनी माना वर करून आमच्याकडे बघितलं. जरा वेळाने ती शांत झाली आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, "मंगळवार. गाडी कशी आहे?"

"क्लॅरीच्या चेंडूने आतून ठोकली. तिची पार वाट लावली."

"आणि नंतर म्हणालास ते? लवकर ये, घर खायला उठतं. तेही तसंच खोटं?"

"नाही," मी म्हणालो. "ते खरं होतं."

तिने गाडी वळवली आणि घराचा रस्ता धरला.

"माहीत होतं मला," रेलीन म्हणाली. "तेवढं एक बोलला नसतास ना, तर मी गुरुवारपर्यंत तिथेच बसून पुढची मजा ऐकली असती."